तसबिरीतील विमानप्रवास

मराठी घराच्या भिंतीने आजवर नाना प्रकारच्या तसबिरी अंगावर वागवल्या आहेत. देवघराशेजारी रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी, ओसरीवर पागोटे घातलेले पणजोबा, बैठकीच्या खोलीत लोकमान्य, आणि दारावरच्या अरुंद पट्टीत शाळेच्या वा कचेरीच्या समूहाचे लांबट छायाचित्र, अशी प्रत्येकाची जागा आणि इतमाम ठरलेला असे. अलीकडे या जुन्या मानकऱ्यांच्या शेजारी एक नवे चित्र येऊन बसले आहे. एकावर एक असे दोन पंख, त्यांना जोडणारे खांब आणि तारांचे जाळे, पोटाशी टेकवलेली लाकडी शिडी, आणि त्या शिडीशी टोपी हातात धरून उभी असलेली चार-दोन माणसे, असे आद्य प्रवासी विमानाचे कृष्णधवल छायाचित्र आता पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत, वकिलांच्या कचेऱ्यांत, उपाहारगृहांत आणि हॉटेलांच्या जिन्यांवर काळ्या चौकटीत बसवून टांगलेले दिसते. ही आवड मला मनापासून पसंत आहे. परंतु ज्या रीतीने ही छायाचित्रे विकली आणि टांगली जातात, म्हणजे साल नाही, स्थळ नाही, विमानाचे नाव नाही, केवळ गतकाळाची शोभा म्हणून, ती रीत मला पसंत नाही. कारण यांतील बहुतेक चित्रे शोभेसाठी काढलेली नसून एका निश्चित हेतूने, निश्चित दिवशी आणि पुष्कळदा पैसे मोजून काढवून घेतलेली आहेत, आणि तो हेतू ध्यानात घेतल्यावाचून त्या चित्रांत काय आहे हे पाहणाऱ्याला दिसतच नाही.

तो हेतू म्हणजे भिणाऱ्या माणसाची भीती घालवणे. विमान उडते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत लोकांच्या डोळ्यांनी पाहून झाली होती. पण आपण स्वतः पदरचे पैसे देऊन त्यात बसावे, हे कोणाही शहाण्यासुरत्या गृहस्थाला सहजी पटण्यासारखे नव्हते. १ जानेवारी १९१४ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात सेंट पीटर्सबर्गहून टॅम्पाला जाणारी, ठरलेल्या वेळापत्रकाने चालणारी पहिली विमानसेवा सुरू झाली, तेव्हा पहिल्या उतारूची जागा चक्क लिलावाने विकण्यात आली आणि शहराच्या एका माजी महापौराने ती ४०० डॉलरला घेतली. पुढे नेहमीचे भाडे ५ डॉलर होते. टोनी जॅनस नावाच्या वैमानिकाने त्या उतारूला शेजारी बसवून आपली उडती नौका खाडीच्या पाण्यावरून उचलली आणि २३ मिनिटांत पलीकडे उतरवली. आगबोटीला या प्रवासास सुमारे दोन तास लागत. त्या विमानाच्या छायाचित्रांत डोक्यावर छप्पर नाही, समोर काच नाही, वैमानिक आणि उतारू एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसावेत एवढीच जागा आहे. ही सेवा जेमतेम चार महिने चालली. परंतु ती छायाचित्रे टिकली, फ्लॉरिडाच्या राज्य दप्तरखान्यात जपली गेली, आणि आज त्यांच्या प्रती जगभर चौकटीत बसत आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर यंत्रे सुधारली, तरी उतारूंची स्थिती फारशी सुधारली नव्हती. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथवरून पॅरिसला जी दैनिक सेवा सुरू झाली तिच्या पहिल्या विमानात एकच उतारू होता, आणि त्याच्या सोबतीला वर्तमानपत्रे, डेव्हनशायरची साय आणि शिकार केलेली पाखरे होती. भाडे २० गिनी. उघड्या विमानात बसणाऱ्यास कंपनी चामडी कोट, टोपी, चष्मा आणि गरम पाण्याची पिशवी देत असे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हॉलंडची केएलएम ही कंपनी स्थापन झाली आणि थोड्याच काळात युरोपातील राजधान्या हवाई मार्गांनी एकमेकींशी जोडल्या जाऊ लागल्या. आता बंद खोलीची विमाने आली. आणि आज भिंतीवर सर्वांत अधिक दिसणारे चित्र याच काळातले आहे. लांबट खोली, दोन्ही बाजूंना वेताच्या खुर्च्या, खिडक्यांना पडदे, वर आगगाडीच्या डब्यात असते तशी सामानाची जाळी, आणि खुर्च्यांत वर्तमानपत्र वाचणारे निवांत गृहस्थ.

वेताच्या खुर्च्या पाहून आजचा पाहणारा म्हणतो, काय ती अभिरुची! वस्तुतः त्या खुर्च्यांचा संबंध अभिरुचीशी नसून वजनाशी होता. एंजिनांचे बळ तोकडे होते, प्रत्येक पौंडाचा हिशेब द्यावा लागे, आणि सामानाबरोबर खुद्द उतारूलाही तराजूवर उभे करून त्याचे वजन कारकून वहीत टिपून घेत असे. अशा ठिकाणी गादीची जड खुर्ची परवडणारी नव्हती. त्या गृहस्थांची निवांत मुद्राही तपासून घ्यावी. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्यांना प्रकाश भरपूर लागे, विमानाच्या खोलीत तो अपुरा असे, आणि उडत्या विमानाच्या थरथरीत सुस्पष्ट चित्र निघणे दुरापास्त होते. म्हणून अशी बहुतेक चित्रे विमान जमिनीवर उभे असताना, माणसांना जागच्या जागी बसवून आणि हातात पेला वा वर्तमानपत्र देऊन काढलेली आहेत. खऱ्या प्रवासात एंजिनांच्या गोंगाटाने शेजाऱ्याशी बोलणे कठीण होई, कमी उंचीवरच्या हवेच्या धक्क्यांनी पोट ढवळून निघे, आणि ओकारीची भांडी जवळ ठेवलेली असत. ती भांडी छायाचित्रात कधी येत नाहीत. यात फसवेगिरी होती असे मी म्हणणार नाही. नव्या धंद्याने आपली उत्तम बाजू पुढे करावी हे स्वाभाविकच आहे, आणि १९३० च्या मे महिन्यात अमेरिकेतील बोइंग कंपनीने एलेन चर्च या परिचारिकेसह आठ परिचारिकांना प्रवासी विमानात कामास नेमले, तेव्हा विमानाशेजारी अंगरखे घालून उभ्या असलेल्या त्या तरुणींचे जे छायाचित्र सर्वत्र गेले तेही हाच संदेश देत होते, की जेथे या मुली निर्धास्त उभ्या आहेत तेथे तुम्ही कशाला भिता? तो संदेश आपल्याला कळला म्हणजे चित्र उणे होत नाही, अधिक भरते.

विमानाच्या आधी, आणि काही काळ विमानाबरोबर, जर्मनीची वायुनौका उतारूंची ने-आण करीत होती. १९०९ साली स्थापन झालेल्या डेलाग या कंपनीने महायुद्ध सुरू होईपर्यंत ३४,००० हून अधिक माणसांना आकाशात फिरवून आणले, आणि एकाही उतारूचा जीव गेला नाही. त्या सुखरूप फेऱ्यांची छायाचित्रे उपलब्ध असून ती देखणी आहेत. परंतु दुकानात मागणी असते ती ६ मे १९३७ च्या, लेकहर्स्ट येथे पेटलेल्या हिंडेनबुर्ग या वायुनौकेच्या चित्राला. त्या आगीत ३६ माणसे गेली. ते चित्र इतिहासग्रंथात असावे, संग्रहालयात असावे, पण जेवणाच्या मेजावर ते टांगण्याची कल्पना मला असह्य वाटते, आणि ज्यांच्या घरी ते असेल त्यांनी ते उतरवावे असे मी स्पष्टपणे सांगेन.

ज्या एका विमानाची छायाचित्रे कोणीही हौशी माणसाने आवर्जून मिळवावीत ते विमान म्हणजे इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीचे हँडले पेज एच. पी. ४२. अशी विमाने आठच बांधली गेली आणि १९३१ पासून ती चालू लागली. चार युरोपच्या मार्गांसाठी, चार पूर्वेच्या; पूर्वेकडच्या चौघांची नावे हॅनिबल, हॉर्सा, हॅनो आणि हेड्रियन. चार एंजिने, एकावर एक दोन पंख, त्यांतील वरच्याचा विस्तार १३० फूट, आणि एवढा प्रचंड देह असून वेग मात्र ताशी १०० मैलांच्या आसपास. आत लाकडी तावदाने, पडदे, स्वयंपाकाची जागा आणि आगगाडीच्या उंची डब्याचा थाट. शांततेच्या काळात या विमानांत एकही उतारू दगावला नाही, ही त्यांची कीर्ती. १ मार्च १९४० रोजी मात्र हॅनिबल ओमानच्या आखातावरून जाताना आतल्या माणसांसह नाहीसे झाले.

यांपैकी हॅनो या विमानाची ऑक्टोबर १९३१ मधील एक चित्रमालिका आहे. गॅलिली सरोवराच्या दक्षिण काठावर समख नावाचे गाव होते. तेथील मैदानावर हॅनो उतरले असताना यरुशलेमच्या अमेरिकन कॉलनी या ख्रिस्ती वसाहतीच्या छायाचित्र विभागाने ती काढली. या विभागाचा वारसा पुढे एरिक मॅटसन या छायाचित्रकाराकडे गेला, आणि त्याने १९६६ साली आपला सारा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकला. आज तो २२,००० हून अधिक काचपट्ट्यांचा व फिल्मांचा संग्रह कोणासही घरबसल्या पाहता येतो आणि त्यांतील चित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात. बाजारात हजारो रुपयांस विकल्या जाणाऱ्या किती तरी तसबिरींचे मूळ याच सार्वजनिक ठेव्यात आहे, ही गोष्ट ग्राहकांस माहीत असावी.

समखच्या चित्रांत विमान इतके मोठे आहे की त्याच्या पंखाखाली उभा असलेला माणूस आधी दिसतच नाही. पण काचपट्टीवरचे तपशील इतके सूक्ष्म असतात की भिंग घेऊन कडांकडे गेले म्हणजे एकेक माणूस वर येऊ लागतो. सूट घातलेला, छायाचित्रकाराकडे तोंड करून उभा असलेला उतारू एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला इंधन भरणारे, सामान वाहणारे, विमानाभोवती राबणारे लोक, ज्यांना आपण चित्रात येत आहोत याची बहुधा खबरही नव्हती. चित्राच्या नोंदीत विमानाचे नाव आहे, गावाचे नाव आहे. या लोकांची नावे नाहीत. जाहिरातीला त्यांची गरज नव्हती. छायाचित्राने मात्र त्यांना टिपून ठेवले, आणि मला या सगळ्या प्रकरणात जे सर्वाधिक मोलाचे वाटते ते हेच.

कारण इम्पीरियलचा पूर्वेकडचा हवाई मार्ग आकाशापेक्षा जमिनीवर अधिक बांधला गेला होता. ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची ही सेवा सुरू झाली तेव्हा उतारू क्रॉयडनहून विमानाने बाझेलला जाई, तेथून आगगाडीने जिनोव्हाला, तेथून उडत्या नौकेने अलेक्झांड्रियाला, पुन्हा आगगाडीने कैरोला आणि मग दुसऱ्या विमानाने कराचीला. सात दिवस, १३० पौंड भाडे. एका दमात पाचशे मैलांहून फार पुढे जाण्याची विमानांची ताकद नव्हती, म्हणून वाटेत मुक्काम हवे होते, मुक्कामी इंधन हवे होते, आणि इंधन राखायला माणसे हवी होती. इराकच्या वाळवंटात रुतबाच्या विहिरींजवळ तटबंदीच्या आत विश्रामगृह बांधले गेले. त्याआधी ब्रिटिश हवाई दलाने वैमानिक वाट चुकू नयेत म्हणून त्याच वाळवंटात शेकडो मैल नांगराचे तास ओढून ठेवले होते, आणि वैमानिक खाली पाहत त्या रेषेच्या आधाराने बगदाद गाठीत. इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही, तेव्हा १९३२ च्या ऑक्टोबरात मार्ग अरबस्तानच्या किनाऱ्यावर आला, आणि शारजाच्या शेखांशी करार करून तेथे गढीवजा विश्रामगृह उभारण्यात आले. ती गढी आज अल महत्ता या नावाने संग्रहालय म्हणून उभी आहे. त्या वेळच्या धावपट्टीच्या जागी आता शहराचा हमरस्ता आहे. शारजा-दुबईत नोकरीनिमित्त राहणारी हजारो मराठी कुटुंबे त्या रस्त्याने जा-ये करतात. मुलांना एका सुटीच्या दिवशी तेथे न्यावे. रात्रीच्या मुक्कामासाठी चार भिंतींच्या आड घेतलेले उतारू आणि बाहेर पहाऱ्यावर बसलेले शेखांचे शिपाई अशी सारी व्यवस्था जागेवर उभे राहिले म्हणजे समजते.

त्याच ऑक्टोबरात आपल्या बाजूचा दुवा जोडला गेला. लंडनहून इम्पीरियलच्या विमानाने कराचीस आलेली टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ या एका एंजिनाच्या छोट्या विमानाने निघाले, अहमदाबादला उतरले, तेथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून घेतले आणि दुपारी जुहूला पोहोचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेली. उतारूंसाठी या सेवेत वेगळा सरंजाम नव्हता. जागा असली तर एखाद्याने टपालाच्या पोत्यांसोबत बसावे. तरीही पहिल्या वर्षात टाटांच्या कंपनीने १,६०,००० मैल उड्डाण केले आणि १५५ उतारू नेले. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलट जमीन, कचेरी म्हणजे झावळ्यांची झोपडी. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली गेले की सारे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. त्या दिवशीच्या जुहूच्या छायाचित्रांत पांढऱ्या कपड्यांतील तरुण जे. आर. डी. विमानाशी उभे आहेत. लंडन-पॅरिसच्या चित्रांतला दिमाख तेथे औषधालाही नाही, आणि म्हणूनच ही चित्रे मला त्या दिमाखदार चित्रांहून अधिक प्रिय आहेत. टाटांचे मध्यवर्ती दप्तर पुण्यात आहे. या विषयाची खरी गोडी असलेल्या माणसाने त्याची माहिती करून घ्यावी.

सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, मुंबईहून मलबार प्रिन्सेस हे चार एंजिनांचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ उतारूंसह कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. तेथून पुढच्या चित्रांचा थाट निराळा आहे.

आता तसबिरीच्या कलेकडे वळू. ही छायाचित्रे घेताना पहिली गोष्ट पाहावी ती कडांची. विक्रेते मूळ चित्र ठरावीक मापाच्या चौकटीत बसावे म्हणून चारही बाजूंनी छाटतात, आणि छाटण्यात जातात ती नेमकी कडेची माणसे: शिडी धरणारा, पिंप लोटणारा, कुंपणापलीकडून पाहणारी पोरे. विमान मधोमध राहते आणि चित्र पुन्हा जाहिरात होऊन बसते. चित्राप्रमाणे चौकट करवून घ्यावी, चौकटीप्रमाणे चित्र कापू नये. फ्रेमवाल्याला हे एकदा समजावून सांगितले की तो आनंदाने करतो, खर्चही फार वाढत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. जुने म्हणजे तपकिरी, असा समज रूढ झाल्यामुळे नव्या प्रतींवर यंत्राने तपकिरी छटा चढवली जाते. १९२० आणि १९३० च्या दशकांतील वृत्तपत्रीय व कंपन्यांची छायाचित्रे बहुतांशी स्वच्छ काळ्या-करड्या रंगांची होती. काळाच्या ओघात एखादी पिवळी पडली असेल तर तिचे कारण पुष्कळदा चित्र पक्के करणारा हायपो नीट धुतला न जाणे हे असते. तो दोष मुद्दाम विकत का घ्यावा? यंत्राने भरलेले रंगही मला मान्य नाहीत, कारण विमानाचा वा पोशाखाचा खरा रंग करड्या छटेवरून ठरत नाही. त्या काळच्या पुष्कळ काचपट्ट्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तांबडे ते काळे उमटे. उलट निळ्याला त्या इतक्या संवेदनशील असत की निळेभोर आकाश पांढरे कोरे निघे. जुन्या चित्रांतल्या त्या रित्या आकाशाचे रहस्य हे आहे. काही कंपन्या मग त्या कोऱ्या आकाशात दुसऱ्या काचपट्टीवरचे ढग बसवीत, किंवा एखाद्या प्रख्यात नगराच्या माथ्यावर विमान चिकटवीत. ढग आणि विमान यांवरचा उजेड वेगवेगळ्या दिशांनी येत असला तर ही जोडणी ओळखता येते. याच्या उलट, पॅन अमेरिकन कंपनीचे चायना क्लिपर हे विमान अर्धवट बांधलेल्या गोल्डन गेट पुलावरून जातानाचे १९३५ चे छायाचित्र जोडणीसारखे वाटते खरे, पण ते अस्सल आहे.

मूळ छापील प्रत आणि नवी नक्कल यांतला फरक ओळखणे सामान्य माणसालाही जमते. भिंगाखाली नियमित ठिपके दिसले तर ती छापखान्यातली नक्कल. अस्सल रुपेरी छायाचित्रात ठिपके नसतात, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा सलग उतरत जातात, आणि जुन्या प्रतीत गडद भागांच्या कडेला चांदीची निळसर झाक येते. अतिनील दिव्याखाली कागद निळा लखलखला तर तो साधारण १९५० नंतरचा आहे असे समजावे, कारण कागद शुभ्र दिसावा म्हणून घालावयाची द्रव्ये त्या सुमारास प्रचारात आली. आणि प्रत उलटून पाठ अवश्य पाहावी. वृत्तसंस्थेचा शिक्का, तारीख, डकवलेली माहितीची चिठ्ठी, संपादकाने मारलेल्या छाटणीच्या रेघा, यांमुळे पाठ ही पुढच्या बाजूइतकीच वाचनीय असते. अशी प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून टाकणे म्हणजे तिचा दाखला फाडून टाकण्यासारखे आहे. नक्कल घेण्यात मात्र काही कमीपणा नाही. सार्वजनिक संग्रहातून मोठी प्रत उतरवून घेऊन सुती कागदावर टिकाऊ शाईने छापवलेली नक्कल ही, माझ्या मते, बाजारातल्या नकली जुन्या प्रतीहून शतपटीने प्रामाणिक आहे.

आपल्या हवेत चौकटीची काळजी युरोपपेक्षा निराळी घ्यावी लागते. कोकणात आणि मुंबईत चार महिने भिंत ओल धरते. त्या भिंतीला चिकटून टांगलेल्या तसबिरीत बुरशी शिरते, कसर कागद खाते, आणि छायाचित्राचा चिकट थर काचेला घट्ट धरून बसतो, मग सोडवताना चित्राचे कातडेच निघते. म्हणून चित्र आणि काच यांमध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचे माउंट असावे; चित्र गोंदाने न डकवता कोपऱ्यांत कागदी खोबण्यांत अडकवावे; पाठीमागे जुन्या वर्तमानपत्रांचे थर भरू नयेत, कारण त्यांचे आम्ल चित्रात उतरते; आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर राखावे. पावसाळा सरला की वर्षातून एकदा तसबीर उतरवून पाठ तपासावी. पश्चिमेकडच्या उन्हाच्या समोर ती कधीही नसावी. अस्सल जुनी प्रत असेल तर तिची नक्कल भिंतीवर आणि मूळ प्रत कपाटातल्या कोरड्या पेटीत, हीच तजवीज उत्तम.

टांगताना उंची साधारण अशी ठेवावी की चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर येईल. आपल्याकडे तसबिरी छताजवळ लावून पुढे झुकवण्याची जुनी चाल आहे. ती देवांच्या चित्रांना शोभते, कारण तेथे मान वर करून पाहावयाचे असते. ही चित्रे वाचावयाची आहेत. मोठ्या भिंतीवर बारा-पंधरा विमाने एकदम मांडण्यापेक्षा एखादेच समखचे चित्र पुरेशा मोठ्या आकारात, माउंट रुंद ठेवून, खाली साल, स्थळ आणि विमानाचे नाव बारीक अक्षरात लिहून लावावे. येणारा माणूस आपणहून जवळ जातो आणि प्रश्न विचारू लागतो.

शेवटी एक विनंती. मराठी कुटुंबांच्या जुन्या पेट्यांत विमानाशी जोडलेली घरची छायाचित्रे आहेत, आणि ती कोणत्याही दुकानात मिळणारी नाहीत. १९५० आणि १९६० च्या दशकांत मुलगा शिक्षणाला वा नोकरीला परदेशी निघाला की बॅलार्ड पियरच्या बोटींच्या धक्क्याऐवजी आता सांताक्रूझच्या विमानतळावर सारे गणगोत निरोपाला जाई, गळ्यात हार घातलेल्या त्या मुलाला मधोमध उभे करून समूहाचे एक छायाचित्र काढले जाई, आणि मग सगळे सज्जावर जाऊन विमान दिसेनासे होईपर्यंत उभे राहत. त्याही आधी जत्रांत छायाचित्रकाराचा रंगवलेला पडदा असे, त्यावर विमान काढलेले असे, आणि खेड्यातले नवरा-बायको त्या कापडी विमानाच्या खिडकीतून गंभीर मुद्रेने बाहेर पाहत. ही चित्रे इम्पीरियल एअरवेजच्या चित्रांइतकीच विमानप्रवासाच्या इतिहासाची साधने आहेत. किंबहुना उतारूच्या बाजूने काढलेली अशी साधने फार थोडी उरली आहेत. ती शोधून काढावीत, त्यांच्या नकला करवून चौकटीत बसवाव्यात. आणि घरात जी वडीलधारी माणसे आहेत त्यांना मूळ प्रत हातात देऊन एकेकाचे नाव विचारून घ्यावे, मधल्या हारवाल्याचे तर घ्यावेच, पण कडेला अर्धवट दिसणाऱ्या ड्रायव्हरचे, सामान धरून उभ्या असलेल्या गड्याचे आणि पाठमोऱ्या आत्याचेही. मग ती नावे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, चित्राच्या पाठीवर कडेच्या समासात लिहावीत. शाईच्या लेखणीने लिहू नये, शाई पुढे फुटते.